चप्पल घालेपर्यंत

गेल्या हिवाळ्यात मी माझा उजवा गुडघा दाखवायला डोंबिवलीहून खडवलीला गेले. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. माझे यजमान विसरायला लागले होते आणि ते मला कोणाला तरी सांगायचं होतं. जन्मभर डॉक्टरकी केली, डॉक्टर शिकवले, एका रुग्णालयाचा कारभार सांभाळला, पण 'यांना विसरायला होतंय' एवढे शब्द काही तोंडातून बाहेर पडत नव्हते. म्हणून गुडघा पुढे केला.

या अंकासाठी लेख मागताना संपादिकाबाई म्हणाल्या होत्या, "एखादी थरारक केस लिहा ना, डॉक्टर." अहो, फॅमिली डॉक्टरकडे कसला आलाय थरार! आमच्याकडे खोकला, जुलाब, ॲसिडिटी आणि 'शाळेत द्यायला सर्टिफिकेट'. हृदय उघडून शिवणारे वेगळे, आम्ही घसा बघणारे. थरार आमच्याकडेही असतो, पण तो तपासायच्या खोलीत नसतो, खोलीच्या बाहेर चपलांपाशी असतो. ते आधी नीट सांगते, म्हणजे खडवलीला काय झालं ते कळेल.

डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना होता. दोन खोल्या. आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत बाकडी, औषधांची खिडकी आणि रजनीताई. रजनीताई म्हणजे माझी कंपाउंडर, पण दवाखाना तिचा आणि मी तिथे नोकरीला, असाच तिचा एकंदर आविर्भाव असे. आतल्या खोलीत चप्पल न्यायची नाही हा नियम तिचाच. त्यामुळे दाराशी कायम चपलांचा ढीग, आणि ढीग म्हटला की अदलाबदल आलीच. एकदा बँकेतले एक साहेब एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कोणाची तरी चप्पल घालून थेट कामावर पोचले. संध्याकाळी परत करायला आले तेव्हा रजनीताई सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, पायाला पण कळलं नाही होय?" साहेबांचं बीपी त्या दिवशी मी मोजलंच नाही.

तर या चपलांपाशी एक गंमत व्हायची. पेशंट आत येतो, बसतो, खोकला सांगतो, मी तपासते, औषध लिहून देते. तो उठतो, बाहेर जातो, चप्पल शोधायला खाली वाकतो, आणि वाकल्या वाकल्या, जमिनीकडे बघत म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..." तो खोकल्यासाठी आलेलाच नसतो. ज्यासाठी आला ते डॉक्टरच्या डोळ्यांत बघून सांगता येत नाही. चप्पल शोधताना मान खाली असते, हात कामात असतात, आणि नकोसं उत्तर आलं तर लगेच निघून जाता येतं. हे कळल्यावर मी पेशंटबरोबर उठून दारापर्यंत जायला लागले. चप्पल घालेपर्यंत तपासणी संपत नाही, हे वाक्य मी पुढे मुलांना शिकवताना इतक्यांदा म्हटलं की ती माझी नक्कल करायची.

खाडीकडच्या गावातली एक आगरी आजी एकदा नातीचं गजकर्ण दाखवायला आली. तपासून झालं, मलम दिलं, आजी ठणठणीत आवाजात रजनीताईशी पैशांवरून हुज्जत घालून झाली. मग चप्पल घालताना एकदम आवाज उतरला. "बाय, मना परत कापरं लागतान," ती म्हणाली. पाळी जाऊन वर्षं लोटलेली बाई 'पुन्हा कपडे लागतात' म्हणते, म्हणजे अंगावर रक्त जातंय. या वयात ते कधीच साधं समजायचं नसतं. मी तिला हाताला धरून परत आत आणलं. गर्भाशयात गाठ निघाली, पण अगदी सुरुवातीची. पिशवी काढली आणि आजी खडखडीत बरी झाली. त्यानंतर दर वर्षी मला सुक्या बोंबलांचा वानवळा. आमच्या घरात कोणी मासे खात नाही हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. बोंबील रजनीताईकडे जायचे आणि 'कसे झाले होते?' या आजीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मी रजनीताईकडून आधीच पाठ करून ठेवायचे.

अशी वाक्यं ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. नवरा मारतो, पोरगा घरी येत नाही, छातीत गाठ लागतेय, मला जगावंसं वाटत नाही. सगळी चपलांपाशी. माझं लक्ष नसताना किती जण चप्पल घालून मुकाट निघून गेले असतील, याचा विचार मी फार करत नाही. केला की झोप लागत नाही.

मग ठाण्याला वर्तकनगरजवळ एका ट्रस्टचं नवं रुग्णालय झालं आणि त्यांनी मला बोलावलं. बाह्यरुग्ण विभाग उभा करायचा आणि नव्या डॉक्टरांना फॅमिली मेडिसिन शिकवायचं. पुढे संचालकही केलं. इमारत देखणी. गुळगुळीत फरशी, आपोआप मिटणारी दारं, टोकन नंबर. चपला कोणी काढायच्या नाहीत. काही आठवड्यांतच माझ्या लक्षात आलं की इथले पेशंट खोकला घेऊन येतात आणि खोकल्याचंच औषध घेऊन जातात. टोकन पुकारलं, आत गेले, बाहेर आले, दार मिटलं. चप्पल शोधायला वाकायची वेळच कोणावर येत नव्हती.

मी व्यवस्थापकांकडे गेले. म्हटलं, प्रत्येक तपासणीच्या खोलीत दाराजवळ एक बाकडं हवंय. ते तरुण गृहस्थ फार सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, खुर्च्या आहेत ना. बाकडं कशाला?" आता यांना चपलांची गोष्ट सांगितली असती तर त्यांनी मलाच विश्रांती घ्यायला सांगितलं असतं. मी म्हटलं, "मधुमेहाच्या पेशंटचे पाय दर वेळी तपासलेच पाहिजेत. पाय तपासायचे म्हणजे बूट काढायला आणि घालायला बसायची जागा नको?" बाकडी आली. मग मी हळूच पायांची तपासणी बीपीवाल्यांना लावली, गुडघेवाल्यांना लावली, आणि शेवटी ज्याला पाय आहेत त्या प्रत्येकाला लावली. माझ्या संचालकपदाच्या काळात खूप काही झालं असं अहवालांत लिहिलेलं असेल. मला विचाराल तर मी तिथे बाकडी आणली.

शिकायला आलेल्या मुलांना माझा नियम होता. पेशंट बूट घालायला बाकड्यावर बसला की तुम्हीही शेजारी बसायचं. बोलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, मोबाइल तर नाहीच. मुलं याला 'बाकडा पिरियड' म्हणून हसायची. सगळ्यांत जास्त वैतागायची प्रज्ञा. खडवलीजवळच्या गावातली, घरातली पहिली डॉक्टर, हुशार आणि घाई पाचवीला पुजलेली. "मॅडम, बाहेर रांग लागलीये आणि आपण लेस बांधताना बघत बसायचं?" असं तोंडावर विचारायची. मला ती आवडायची. तोंडावर विचारणाऱ्याला शिकवायला बरं असतं.

एके दिवशी तिच्याकडे कल्याणचे एक काका आले. शाळेची व्हॅन चालवायचे. साखर बघितली, पाय बघितले, सगळं ठीक. काका बूट घालायला बसले आणि प्रज्ञाने पुढचं टोकन पुकारायला बेलवर हात ठेवला. मी कोपऱ्यात बसून बघत होते. काका लेसकडे बघत म्हणाले, "सकाळी उन्हाकडे तोंड झालं ना डॉक्टर, की रस्ता पांढरा होतो." प्रज्ञाचा हात बेलवरच थांबला. ती उठली आणि काकांच्या शेजारी बसली. म्हणाली, "काका, गाडीत मुलं असतात ना?" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून तर सांगितलं. घरी नाही बोललो. गाडी गेली तर मी करू काय?" डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन होऊन नजर साफ झाल्याचं नेत्रतज्ज्ञांनी सांगेपर्यंत गाडी पुतण्याने चालवली, मग काका पुन्हा स्टिअरिंगवर बसले. पण त्या दिवशी संध्याकाळी प्रज्ञा माझ्या केबिनमध्ये आली आणि उभीच राहिली. "मॅडम, मी बेल दाबणार होते," एवढंच म्हणाली. मी तिला चहा पाजला. त्यानंतर बाकड्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. शिक्षण संपल्यावर मोठ्या रुग्णालयांची बोलावणी सोडून ती खडवलीला गेली आणि तिने दवाखाना काढला. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिच्यादेखत मी तो दाखवलाही.

आता प्रभाकर. आमच्या पिढीत नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत नाही, लिहिताना ती हौस भागवून घेते. प्रभाकर कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्याकडे न बघता, वर्गाशी बोलता बोलता, भारताचा नकाशा काढायचे. निवृत्तीनंतरही आमच्याकडे यायचा रस्ता कोणी विचारला की फोनवर सांगायचे नाहीत. कागदावर नकाशा काढून, उत्तर दिशा दाखवून पाठवायचे.

शेजारच्या वहिनींकडे पाहुणे यायचे होते, तर त्या नकाशा मागायला आल्या. प्रभाकरनी कागद घेतला, पेन्सिल घेतली. बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या देतो हं, आज पेन्सिलीला टोक नाहीये." टोक होतं. मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. त्यानंतर एकदा कोपऱ्यावर भाजी आणायला गेले आणि परत आले तेव्हा पिशवीतली कोथिंबीर सुकून गेलेली. "ओळखीचे भेटले, गप्पा झाल्या," म्हणाले. कोण भेटलं ते मी विचारलं नाही. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली होती.

माझ्यातली डॉक्टर त्याच दिवशी समजून चुकली. माझ्यातली बायको काही केल्या ऐकेना. मी आडून आडून परीक्षा घ्यायला लागले. चहा देताना सहज विचारायचे, "आज वार कोणता हो?" उत्तर बरोबर यायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भीती. या आजारात औषधापेक्षा वेळेवर कळण्याला किंमत असते, माणूस स्वतःचं स्वतः ठरवू शकतो तोवर खूप बोलून घ्यायचं असतं, हे मी कितीतरी घरांना समजावून सांगितलंय. माझ्या घरात तीच वेळ हातातून निसटत होती, आणि मी वार विचारत बसले होते. एकदा बोलले की ते खरं होणार, अशी काहीतरी वेडगळ समजूत मी धरून बसलेले. मी! शेवटी प्रज्ञाकडे जायचं ठरवलं. यांना सांगितलं, गुडघा दुखतोय, विद्यार्थिनीला दाखवून येते.

जाताना मी मुद्दाम पट्टा नसलेली चप्पल घातली. पायात सरकवली की सुटका. बाकड्याची युक्ती माझीच होती, मला माहीत नव्हतं थोडंच! सांगायला निघाले होते आणि न सांगता निसटायची सोयही करून ठेवली होती. माणूस असाच असतो, डॉक्टर झाला म्हणून बदलत नाही.

दुपारची वेळ होती, माझा नंबर शेवटचा. प्रज्ञाने गुडघा इतका मन लावून तपासला की मलाच लाज वाटायला लागली. "मॅडम, गुडघा माझ्यापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "वय झालं गं, उगाच शंका येते," आणि उठले. ती माझ्याबरोबर दारापर्यंत आली. बाहेर बाकडं होतं, त्याच्याशेजारी चपलांचा स्टँड होता, आणि स्टँडवर माझी चप्पल नव्हती.

दवाखान्यातल्या मदतनीस बाई म्हणाल्या, "अगं बाई! मघाच्या आजी तुमच्या घालून गेल्या वाटतं. त्यांना काय दिसतंय! थांबा, सुनेला फोन लावते." आजींच्या उरलेल्या चपला माझ्या अर्ध्या पावलालाही पुरेनात. आता अनवाणी जाणार कुठे? मी बाकड्यावर बसले. प्रज्ञा शेजारी बसली. काही बोलली नाही, घड्याळ बघितलं नाही, मोबाइल आतच ठेवून आलेली. मनात म्हटलं, कार्टी बरोब्बर शिकलीये. समोर रस्त्यावर एक कोंबडी पिलांना घेऊन हिंडत होती, तिच्याकडे मी बघत राहिले. मग माझं मलाच ऐकू आलं, "प्रज्ञा, हे विसरायला लागलेत गं."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, मदतनीस बाईंदेखत. प्रज्ञाने पाठीवर हात ठेवला. 'सगळं ठीक होईल' असं ती म्हणाली नाही, खोटा धीर द्यायचा नाही हेही तिला मीच शिकवलेलं. माझे डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "सरांना घेऊन या. आणि मॅडम, त्या दिवशी डॉक्टर मी असणार. तुम्ही नुसत्या त्यांच्या शेजारी बसायचं." तोवर आजींची सून माझ्या चपला घेऊन आली. त्या घालायला मला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. यांना काय सांगायचं याची मी रात्रभर जुळवाजुळव केली होती, पण "प्रज्ञाकडे जाऊ, तुमचीही एकदा तपासणी करून घेऊ" म्हटल्यावर ते काही न विचारता तयार झाले. गाडीत त्यांनी शहाड, आंबिवली, टिटवाळा ही स्टेशनांची नावं एकेका बोटावर म्हणून दाखवली, वर्गात म्हणायचे तशी. ते माझी खात्री पटवत होते की स्वतःची, मला कळलं नाही.

प्रज्ञाने त्यांच्याशी निवांत गप्पा मारल्या, गप्पांतच तपासलं, स्मरणाच्या चाचणीतलं घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मग ती त्यांच्याकडे वळून, माझ्याकडे न बघता, सरळ म्हणाली, "सर, रक्ताच्या तपासण्या करू, कधी कधी त्यातून साधं कारणही सापडतं. पण हा विसरण्याचा आजार सुरू झालेला असू शकतो." प्रभाकरनी मान हलवली. "म्हणजे आधी रस्ते जाणार का?" त्यांनी विचारलं. "कदाचित, सर," ती म्हणाली. तिने नजर वळवली नाही. पुढे ठाण्याला सगळ्या तपासण्या झाल्या आणि निदान तेच ठरलं, हे इथेच सांगून टाकते. मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

मी आतून तपासण्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि चप्पल पायात सरकवली. प्रभाकर बाकड्यावर बसलेले, एक सँडल पायात, दुसरी हातात. म्हटलं, "चला हो, गाडी चुकेल."

ते हातातल्या सँडलकडे बघत म्हणाले, "अगं, एक सांगायचं राहिलं."

हे शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "कोथिंबीर सुकली त्याच्याही आधीपासून. तू वार विचारायचीस ना, मी आधी पेपरवर बघून ठेवायचो."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू डॉक्टर झाली असतीस. मला घरात बायको हवी होती."

मी म्हटलं, "मग आज मुकाट्याने आलात कसे?"

"तू इथे गुडघा दाखवायला आलीस, त्या संध्याकाळी जिना चढून वर आलीस. आपला तिसरा मजला. मी दारात उभा होतो. एकदाही थांबली नाहीस, कठडासुद्धा धरला नाहीस." त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "तुझा गुडघा दुखत नव्हता. तेवढं बरं माझ्या लक्षात राहिलं."

मी पायातली चप्पल पुन्हा काढली आणि त्यांच्याशेजारी बसले.